व्यवहार नाही

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. गच्चीवर पाणी मारून झाले होते, तापलेल्या फरशीतून अजून वाफ येत होती, आणि भाच्याने आपला लॅपटॉप माझ्यासमोरच्या स्टुलावर आणून ठेवला. हा मुलगा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. दिवसभर सुताचे भाव, बिघडलेले माग आणि कामगारांच्या रजा यांत अडकलेला असतो आणि रात्री जेवण झाले की शेअर बाजाराचा अभ्यास करायला बसतो. त्याने एक पद्धत बसवली होती. निफ्टी या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांपैकी मागच्या वर्षभरात सर्वांत जास्त वाढलेल्या दहांचे शेअर घ्यायचे आणि दर महिन्याला यादी नव्याने लावायची, एवढा साधा नियम. 2008 च्या जानेवारीपासूनच्या भावांवर त्याने त्याचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर नियम चालवून पाहण्याची चाचणी, केला होता आणि पडद्यावरची हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. मधली मंदी, करोनाची पडझड, सगळे तिने लीलया ओलांडले होते. मी त्याला भावांची फाइल उघडायला सांगितली. पन्नास रकाने होते, पन्नास नावे होती आणि सगळीच्या सगळी आजच्या वर्तमानपत्रातली होती. "यात सत्यम कुठे आहे रे?" मी विचारले. त्याने मान वर न करता सांगितले, "ती आता नाही ना, आत्या."

उत्तर खरे होते, आणि तरीही ते मला रात्रभर टोचत राहिले.

सत्यम ही संगणक सेवांची कंपनी आता नाही, पण 2008 मध्ये होती आणि निफ्टीतच होती. तिच्याबरोबर त्या यादीत युनिटेक होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती, रॅनबॅक्सी होती. 2007 च्या तेजीने ज्यांना डोक्यावर घेतले होते त्यांत बांधकाम आणि ऊर्जा क्षेत्रातल्या कंपन्या आघाडीवर होत्या, म्हणजे भाच्याचा नियम त्या वेळी खरोखर कोणी पाळला असता तर त्याची नजर आधी अशाच नावांवर गेली असती. उलट आजच्या यादीतल्या कित्येक कंपन्या तेव्हा निफ्टीच्या जवळपासही नव्हत्या. आपल्या पुण्याची बजाज फायनान्स तेव्हा बजाज ऑटो फायनान्स या नावाने दुचाकींना कर्ज देत होती. निफ्टीत ती 2017 साली आली. आयशर मोटर्स 2016 साली आली, टायटन 2018 साली. 2008 मध्ये बसलेल्या माणसाला या तिघी पुढे एवढ्या मोठ्या होणार हे माहीत असण्याचा काही मार्ग नव्हता. भाच्याच्या फाइलला मात्र ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी या गावात अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे. नमुना कसा निवडला, हा प्रश्न विद्यार्थ्याने उत्तराकडे पाहण्याआधी विचारला पाहिजे, असा माझा आग्रह असे, आणि आज रुपयांचा प्रश्न असताना तो आग्रह मला जास्तच महत्त्वाचा वाटतो. गणिताचा नियम दहा ओळींचा असतो आणि तो कोणालाही लिहिता येतो. तो नियम ज्या भावांवर चालवायचा ते कुठून आणले, कोणी नोंदवले, त्यांतून कोणाला वगळले, यावर सगळे अवलंबून असते आणि नेमके हेच काम लोक पाच मिनिटांत उरकतात.

त्या रात्री मला अण्णांची वही आठवली. माझे वडील मिलच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे मोजकेच शेअर होते, पण भाव मात्र ते बऱ्याच कंपन्यांचे टिपून ठेवत. मुंबईचे वर्तमानपत्र रेल्वेने यायचे, त्यामुळे आदल्या दिवशीचे, कधी त्याच्याही आदल्या दिवशीचे भाव आमच्या घरी पोचत. सकाळी मिलचा भोंगा होण्याआधी ते लाल कापडी बांधणीची लांबट वही उघडत आणि निळ्या शाईने रकाने भरत: खुला, वरचा, खालचा, बंद. शाई सुकेपर्यंत वही उघडीच ठेवायची आणि आम्ही मुलांनी तिच्या आसपास फिरकायचे नाही, असा घरचा नियम होता. एखाद्या शेअरचा त्या दिवशी सौदाच झाला नसेल तर चारही रकान्यांवर आडवे, पूर्ण अक्षरांत ते लिहीत, "व्यवहार नाही". आईने एकदा विचारले होते की नुसती जागा मोकळी सोडली तर काय बिघडेल. त्यावर ते म्हणाले होते की मोकळी जागा पाहून पुढे कोणाला कळणार, त्या दिवशी मी लिहायचे विसरलो, की पेपर आला नाही, की बाजारात कोणी तो शेअर घ्यायलाच तयार नव्हते? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वहीत एका कापड गिरणीचे पान होते. सुरुवातीला रोज भाव, मग आठवड्यातून दोनदा, मग पानभर "व्यवहार नाही", आणि सगळ्यांत खाली तारीख घालून लिहिलेले, "यादीतून वगळली". पुढची पाने त्यांनी फाडली नाहीत की दुसऱ्या कंपनीला दिली नाहीत.

सोलापुरात राहणाऱ्याला बंद पडलेल्या कंपन्या वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आता बसथांब्यांसारखी पत्त्यापुरती उरली आहेत. ज्या मिलला सारे गाव जुनी मिल म्हणते तिची कथा तर थेट सर्वोच्च न्यायालयात पोचली. 1949 मध्ये ती बंद पडली, सरकारने आधी अध्यादेश आणि मग 1950 साली खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि भागधारकांचे संचालक निवडण्याचे अधिकार थांबवले. चिरंजीतलाल चौधरी नावाच्या भागधारकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 1950 च्या डिसेंबरात बहुमताने ती फेटाळली गेली. पुढे सरकारनियुक्त संचालकांनी प्राधान्य भागांवरची उरलेली रक्कम भागधारकांकडे मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास यांनी केलेल्या दाव्यात निकाल भागधारकाच्या बाजूने लागला. राज्यघटना शिकणारे विद्यार्थी आजही हे दोन्ही खटले वाचतात. मला त्यांतून वेगळीच गोष्ट दिसते. त्या काळात त्या शेअरचा एखादा भाव कुठे छापला गेलाही असेल. पण शेअर हातात असलेल्या माणसाला मत देता येत होते की नाही, त्याच्याकडून उलट पैसे मागितले जात होते की नाही, हे त्या भावात कुठेच लिहिलेले नसणार.

भाच्याने भाव घेतले होते ते एका फुकटच्या संकेतस्थळावरून. त्यात त्याचे काही वावगे होते असे मी म्हणणार नाही, कारण पायथॉनच्या चार ओळींत वीस वर्षांचे आकडे समोर येतात आणि शिकण्यासाठी ते पुरेसे असतात. अडचण अशी की अशा बहुतेक ठिकाणी कंपनीचे आजचे चिन्ह, म्हणजे बाजारातले छोटे सांकेतिक नाव, टाकूनच शोध घ्यावा लागतो. ज्याचे आज चिन्ह नाही त्याचा भूतकाळही सहसा मिळत नाही. ब्रोकरांच्या ए.पी.आय.चेही (प्रोग्रॅमला थेट आकडे पुरवणाऱ्या सोयीचेही) साधारण असेच आहे. त्यांचे काम आज सौदा करणाऱ्याला सेवा देण्याचे, त्यामुळे त्यांची यादी आज सौदा होऊ शकणाऱ्या कंपन्यांची, आणि ऑप्शनांचे, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांचे, मुदत संपल्यावर जुने भाव तर तिथे बहुधा मिळतच नाहीत. म्हणून मी त्याला राष्ट्रीय शेअर बाजाराच्या भावकॉपीकडे वळवले. बाजार बंद झाल्यावर रोज संध्याकाळी निघणारी ही फाइल. त्या दिवशी ज्या ज्या शेअरचा सौदा झाला त्या प्रत्येकाची एक ओळ: चिन्ह, मालिका, खुला, वरचा, खालचा, बंद, शेवटचा सौदा, आदला बंद, किती शेअर, किती रुपये. 6 जानेवारी 2009 ची भावकॉपी उघडली की त्यात सत्यमकॉम्प या चिन्हाने सत्यम जिवंत आहे, 179 रुपयांच्या आसपास बंद झालेली. दुसऱ्या दिवशीची उघडली की हिशेब खोटे असल्याची कबुली देणारे अध्यक्ष रामलिंग राजूंचे पत्र बाहेर आलेले आहे आणि तीच ओळ 40 रुपयांच्या आसपास येऊन थांबलेली आहे. त्या फाइलला पुढचे काही माहीत नाही. तिच्यावर माझा विश्वास बसतो तो याच कारणाने.

अर्थात भावकॉपी हातात घेतली की कष्टही हातात येतात. एकच कंपनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिन्हांनी वावरलेली असते. यूटीआय बँक 2007 साली ॲक्सिस बँक झाली, हिरो होंडा 2011 मध्ये हिरो मोटोकॉर्प झाली, सेसा गोवाची आधी सेसा स्टरलाइट आणि मग वेदांता झाली. नुसत्या चिन्हावर भरवसा ठेवला तर एक कंपनी मेली आणि दुसरी जन्मली असा संगणकाचा समज होतो. आयसिन या प्रत्येक शेअरच्या ओळखक्रमांकावर जोडावे म्हटले तर शेअरची दर्शनी किंमत बदलताच तोही बदलतो. त्यात 8 जुलै 2024 पासून भावकॉपीचा सगळा साचाच बदलला, रकान्यांची नावे बदलली, आणि जुन्या साच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्या दिवशी अडकले. मालिकेचा रकाना लोक सहसा वगळतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते. नेहमीचे शेअर ई-क्यू मालिकेत असतात, पण शेअर बी-ई मालिकेत टाकला गेला की सकाळी घेऊन दुपारी विकण्याची सोय उरत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावी लागते. जो बॅकटेस्ट ही दोन अक्षरे वाचत नाही तो अशा शेअरमध्येही खुशाल दिवसभराचे सौदे करत राहतो.

मग प्रश्न आला भाव जुळवून घेण्याचा. 2020 च्या ऑगस्टमध्ये आयशर मोटर्सच्या एका शेअरचे दहा झाले आणि वीस हजारांच्या वरचा भाव एका रात्रीत दोन हजारांच्या घरात आला. कच्च्या फाइलवर चालणाऱ्या नियमाला वाटते की कंपनी नव्वद टक्के बुडाली. बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक करणे) यांचे गुणोत्तर ठरलेले असते, त्यामुळे ते दुरुस्त करणे सोपे असते, फक्त भाव भागताना शेअरची संख्या गुणायची आठवण ठेवावी लागते. डिमर्जरचे, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळा काढण्याचे, तसे नसते. 20 जुलै 2023 रोजी जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा रिलायन्सचा आदला बंद भाव 2,841 रुपये 85 पैसे होता, सकाळच्या खास सत्रात तो 2,580 रुपये ठरला आणि मधले 261 रुपये 85 पैसे ही नव्या कंपनीची किंमत धरली गेली. भागधारकाचे त्या सकाळी काहीच गेले नव्हते. ही तफावत मागच्या सगळ्या भावांत धरायची की तशीच ठेवायची, हे प्रत्येक डेटा पुरवणारा आपापल्या मनाने ठरवतो आणि बहुतेक वेळा कुठे लिहून ठेवत नाही. लाभांशाचेही असेच. याहू फायनान्सवर जुळवलेल्या बंद भावाचा वेगळा रकाना असतो आणि त्यात स्प्लिटबरोबर लाभांशही वजा केलेला असतो. खुला, वरचा, खालचा हे भाव मात्र फक्त स्प्लिटपुरते जुळवलेले असतात. एका ओळीतला खुला भाव आणि जुळवलेला बंद भाव यांची वजाबाकी केली तर लाभांश देणाऱ्या जुन्या कंपन्यांत असे नुकसान दिसते जे प्रत्यक्षात कोणी सोसलेले नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट मला त्याला दोन संध्याकाळी समजावून सांगावी लागली. त्याच्या दुसऱ्या एका पद्धतीत अट होती की शेअरचा भाव शंभर रुपयांपेक्षा कमी असावा. जुळवलेल्या भावांवर ही अट लावली की नव्वदच्या दशकातला इन्फोसिस अवघ्या काही रुपयांना मिळताना दिसतो, कारण नंतरच्या प्रत्येक बोनसने मागचा भाव खाली खेचलेला असतो. त्या काळी दलालाकडे गेलेल्या माणसाला तो शेअर शेकडो, कधी हजारो रुपयांना पडला असता आणि या अटीत तो बसलाच नसता. म्हणजे ज्यांनी पुढे भरघोस बोनस दिले तेच नेमके अटीत बसतात. माझे मत असे झाले आहे की कच्चे भाव एका जागी तसेच्या तसे ठेवावेत, बोनस-स्प्लिट-डिमर्जरची तारीखवार नोंद दुसऱ्या जागी ठेवावी आणि जुळवाजुळव आपण आपल्या हाताने, गरजेपुरती करावी. कोणी आयती जुळवून दिलेली स्वच्छ फाइल घेतली तर तिच्यात काय झाकले गेले हे शोधायला आपल्यापाशी काही उरत नाही.

स्वच्छतेबद्दल आमचा खरा वाद झाला तो मिनिटांच्या डेटावरून. बाजाराने मान्यता दिलेले विक्रेते पैसे घेऊन मिनिटामिनिटाचे भाव देतात आणि त्याने ते घेतलेही होते. 24 फेब्रुवारी 2021 या दिवशी त्याला मोठे भगदाड दिसले. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी थांबले, दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि संध्याकाळी पाचपर्यंत चालले. मुंबई शेअर बाजार मात्र नेहमीप्रमाणे चालू होता. भाच्याने तो दिवस फाइलमधून काढून टाकला, कारण त्याच्या प्रोग्रॅमला सव्वानऊ ते साडेतीन एवढाच दिवस माहीत होता. त्याच न्यायाने 18 मे 2009 हा दिवसही जातो, जेव्हा निवडणुकीच्या निकालानंतर बाजार उघडताच वरच्या सर्किटला, म्हणजे वाढीच्या ठरलेल्या मर्यादेला, भिडला आणि व्यवहार बंद करावे लागले. 23 मार्च 2020 जातो, जेव्हा दहा टक्के घसरणीनंतर पाऊण तास बाजार थांबला होता. 5 ऑक्टोबर 2012 जातो, जेव्हा एका दलाल पेढीकडून गेलेल्या चुकीच्या ऑर्डरींमुळे निफ्टी काही क्षणांत सुमारे पंधरा टक्के खाली जाऊन परत आला. दिवाळीतला तासाभराचा मुहूर्त जातो आणि 2 मार्च 2024 सारखे शनिवारही जातात. उरतात ते सगळे शहाण्यासारखे वागलेले दिवस. पण स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची ऑर्डर) लावलेल्या माणसाचे नशीब बिघडलेल्या दिवशीच ठरते. 2012 च्या त्या सकाळचा खालचा भाव डेटामधून पुसला तर ज्यांचे स्टॉपलॉस त्या भावाला खरोखर उडाले त्यांचे नुकसान झालेच नाही असे म्हटल्यासारखे होते. त्यापेक्षा प्रोग्रॅमला दिवसाची लांबी शिकवावी. तसेही 2010 च्या आधी बाजार 9 वाजून 55 मिनिटांनी उघडत होता, त्या जानेवारीपासून 9 वाजता उघडू लागला, आणि सव्वानऊची आजची वेळ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आली. "पहिल्या पंधरा मिनिटांत घ्या" असा नियम वीस वर्षांवर चालवायचा तर त्या पंधरा मिनिटांची तीन वेगळी घड्याळे जवळ असायला हवीत.

डेटा बरोबर असला तरी त्यातला भाव आपल्याला मिळाला असता का, हा प्रश्न उरतोच. आमच्या सिद्धेश्वर बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर छापून येतात. कमाल दर वाचून गावाकडून गाडी भरून आणणारा शेतकरी मी पाहिला आहे. तो दर आदल्या दिवशी साऱ्या यार्डात एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला असतो. शेअरच्या फाइलमधला वरचा आणि खालचा भाव तेवढाच खरा आणि तेवढाच फसवा. बंद भाव तरी भरवशाचा, असे भाच्याला वाटत होते. पण राष्ट्रीय शेअर बाजारात बंद भाव म्हणजे वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी राहिली आहे आणि शेवटच्या सौद्याचा भाव वेगळ्या रकान्यात असतो. बंद भाव पाहून निर्णय घ्यायचा आणि त्याच बंद भावाला शेअर घेतला असे धरायचे, हे बॅकटेस्टमध्ये रोज घडते. प्रत्यक्षात तो भाव कळतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. सर्किट लागलेल्या शेअरचे तर विचारूच नये. खालच्या सर्किटला अडकलेल्या शेअरचा भाव फाइलमध्ये दिसतो, थोडे शेअर हस्तांतरित झालेलेही दिसतात, पण विकणाऱ्यांची रांग किती लांब होती हे तिथे नसते. आणि 2020 च्या मार्चमध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, ही गोष्ट तर कोणत्याच भावाच्या रकान्यात मावणारी नाही. त्या काळात तो शेअर रोज विकला जात होता. ज्याच्याकडे तो होता त्याला मात्र चतुर्थांशच विकता येत होता.

गावातल्या गप्पांतही मला हाच निवडलेला डेटा ऐकू येतो. नवी पेठेत चार माणसे शेअरवर बोलायला लागली की बालाजी अमाइन्सचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही, आणि का निघू नये? सोलापूरची कंपनी, 2020 च्या मार्चमध्ये काही शे रुपयांना मिळणारा शेअर पुढच्या वर्षी पाच हजारांच्या वर गेला. तो तिथून निम्म्याहूनही खाली आला, हे त्याच दमात कोणी सांगत नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सही इथलीच; 2016 मध्ये 186 रुपयांना विक्रीस आलेला तिचा शेअर पुढे कित्येक वर्षे त्या भावाच्या खाली राहिला, आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. स्मृती ऑरगॅनिक्स हीदेखील सोलापूरचीच, पण तिची नोंदणी मुंबई शेअर बाजारात आहे. केवळ राष्ट्रीय शेअर बाजाराची भावकॉपी उतरवणाऱ्याच्या दृष्टीने ही कंपनी जगातच नाही. छोट्या कंपन्यांवर पद्धत बसवायची असेल तर दोन्ही बाजारांच्या फाइली लागतात, हे मला आपल्या गावच्या तीन नावांवरूनच त्याला दाखवता आले.

या सगळ्यावर उपाय म्हणून पैसे मोजून संशोधकांचा डेटा घ्यावा का, असे त्याने विचारले. सीएमआयई या संस्थेच्या प्रोवेस नावाच्या डेटासंग्रहात 1989-90 पासूनच्या कंपन्या आहेत, बंद पडलेल्यांसकट, आणि विद्यापीठातल्या माणसासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. पण टॉवेलच्या कारखान्यातल्या बचतीवर सौदे करणाऱ्याने तो खर्च उचलावा असे मला वाटत नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी भारतीय बाजाराचे घटकवार परतावे, म्हणजे एकेका गुणावर शेअर निवडले तर किती मिळाले असते याचे आकडे, फुकट उपलब्ध करून दिले आहेत आणि त्यांत बंद पडलेल्या कंपन्यांमुळे येणारी विकृतीही दुरुस्त केलेली आहे. त्यावर आपली पद्धत चालवता येत नाही, परंतु आपल्या पद्धतीचे उत्तर त्यांच्या उत्तराच्या आसपास आहे का, हे पडताळता येते. वाढत्या शेअरांवर बसवलेली आपली रेघ त्यांच्या मोमेंटमच्या (वाढत असलेले शेअर घेण्याच्या) आकड्यांपेक्षा फारच वर जात असेल तर मी आधी नियमावर खूश होणार नाही, फाइल तपासायला बसेन. ऑप्शनांच्या बाबतीत मी त्याला स्पष्ट नको म्हटले. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन 2016 मध्ये आले आणि 2024 च्या नोव्हेंबरात बंद झाले, निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, पंचवीसवरून पंचाहत्तर झाला, मुदतीचा वार 2025 च्या सप्टेंबरात गुरुवारवरून मंगळवारवर आला. नियमच इतके हलते असताना दोन-तीन वर्षांच्या डेटावर काय सिद्ध होणार? बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2024 च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचे दिसले, आणि त्यांतल्या अनेकांच्या पडद्यावरही अशीच एखादी चढती रेघ असणार, असे मला सारखे वाटत राहते.

आता तो दर सहामाहीला निफ्टीत कोण आले, कोण गेले याची तारीखवार यादी लावून बसला आहे. निर्देशांकाचे बदल साधारणपणे मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस होतात आणि त्यांची परिपत्रके बाजाराच्या संकेतस्थळावर सापडतात, त्यामुळे हे काम वेळखाऊ असले तरी अशक्य नाही. त्या त्या काळच्या पन्नास कंपन्यांवर चालवल्यावर त्याची रेघ बरीच खाली आली, तरी ती जमिनीला टेकली नाही, आणि मला याचा खरोखर आनंद झाला. परवा मात्र नवा पेच पडला. बंद झालेल्या कंपनीचा शेअर हाती असताना तिची भावकॉपीतली ओळच संपली, तर पैसे किती धरायचे? त्याच्या प्रोग्रॅमने शेवटच्या सौद्याचा भाव रोख जमा धरला होता. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर 2021 च्या जूनमधल्या शेवटच्या दिवसांतही पंधरा-वीस रुपयांच्या दरम्यान विकला जात होता. मंजूर झालेल्या योजनेत भागधारकांच्या वाट्याला मात्र शून्य आले. ग्लोबल ट्रस्ट बँक 2004 मध्ये ओरिएंटल बँकेत विलीन झाली तेव्हाही भागधारकांना काही मिळाले नाही. सत्यमचे तसे नाही, तिच्या सतरा शेअरांच्या बदल्यात 2013 साली टेक महिंद्राचे दोन शेअर मिळाले. एकच नियम तिघांना लावता येत नाही. म्हणून त्याने वेगळा तक्ता केला आहे: कंपनी, शेवटच्या सौद्याची तारीख, ओळ संपण्याचे कारण आणि भागधारकाच्या हाती काय पडले. पहिल्या तीन ओळी आम्ही मिळून भरल्या. निफ्टीतून निघालेल्यांची यादी झाली की मधल्या आकाराच्या कंपन्यांना हात घालायचा आहे, आणि तिथे ओळी बऱ्याच होणार आहेत.